जुनी खाणावळ, धर्मशाळा किंवा वाडा वाढवताना : पलसाणा परिसरातील सभासदांसाठी जमीन-वापर नियमांची माहिती



पलसाणा, कडोदरा, चलथाण या पट्ट्यात खानदेशातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेली आपली कुटुंबे आता दोन-तीन पिढ्यांपासून राहत आहेत. कुणी मिलमध्ये, कुणी साखर कारखान्यात, तर कुणी रस्त्यावर छोटी खाणावळ टाकून संसार उभा केला. धुळ्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, शेवभाजी-भाकरी मिळायची, रात्री मुक्कामाला बाजेची सोय असायची. त्यातल्या काही जागा आता मुलांच्या हाती आहेत आणि त्यांना वर चार खोल्या काढायच्या आहेत, मागे कुटुंबासाठी वेगळा हॉल करायचा आहे. काहींचा गावाकडचा वाडा रिकामा पडला आहे आणि तो पाहुण्यांसाठी खुला करण्याचा विचार चालू आहे.

अशा वेळी पहिला प्रश्न बहुधा गवंड्याला विचारला जातो. खरे तर तो तलाट्याला विचारायला हवा. बांधकाम झाल्यावर नोटीस आली तर पैसा जातो, धंदा बंद राहतो आणि वडिलांनी जपलेली मूळ जागासुद्धा अडचणीत येते. म्हणून हा लेख संग्रही ठेवण्यासाठी दिला आहे.

थोडी पार्श्वभूमी

आपला पलसाणा तालुका पूर्वी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता. शेजारचे बारडोली आणि चोर्यासी इंग्रजांकडे, तर पलसाणा, कामरेज, महुवा, व्यारा, सोनगढ गायकवाडांकडे. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाले. त्यामुळे इथला जमिनीचा कायदा आपल्याला फारसा परका नाही. मुंबई जमीन महसूल संहिता, १८७९ हीच गुजरातमध्ये आजही मूळ आधार आहे. महाराष्ट्राने १९६६ साली स्वतःची नवी संहिता केली, गुजरातने जुनीच दुरुस्त करत वापरली. सात-बारा, आठ-अ, हक्कपत्रक, तलाटी हे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. फरक तपशिलात आहे आणि माणूस अडकतो तो तपशिलातच.

प्रवाशांच्या सोयीची परंपराही इथे जुनी आहे. सुरतेतील मुघलसराई (लोक तिला मुगलीसरा म्हणतात) ही शहाजहानच्या काळात, १६४४ साली बांधलेली सराई. हज यात्रेकरू आणि व्यापारी तिथे उतरत. १८६७ पासून त्या इमारतीत सुरत नगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि आज तिथे महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. इमारत जुनीच राहिली, वापर मात्र बदलला. जुन्या वास्तूचे नियम याच दोन गोष्टींभोवती फिरतात : इमारत किती बदलली आणि वापर किती बदलला.

मुख्य तत्त्व : जुने चालते, वाढीव नव्या नियमाने

अनेकांचा समज असा असतो की आमची खाणावळ चाळीस वर्षे जुनी आहे, म्हणून आम्हाला नियम लागत नाहीत. यातला अर्धा भाग बरोबर आहे. त्या वेळच्या नियमाप्रमाणे कायदेशीर असलेली इमारत आणि तिचा वापर नंतर झोन बदलला तरी साधारणपणे चालू ठेवता येतो. पण तिला एक खोली जोडली, मजला चढवला किंवा पाडून पुन्हा बांधली, तर तो भाग आजच्या नियमाने तपासला जातो. जुनेपणाचा फायदा जुन्या भागापुरताच असतो.

शिवाय ती इमारत मुळात परवानगीची होती हे दाखवावे लागते. जुनी बांधकाम परवानगी, ग्रामपंचायतीच्या आकारणी पत्रकातील नोंद, घरवेऱ्याच्या पावत्या, वीज जोडणीची तारीख हे सर्व कागद सांभाळून ठेवा. मात्र घरवेरा भरल्याची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. पावतीने इमारत कधीपासून आहे हे दिसते, ती कायदेशीर आहे हे सिद्ध होत नाही.

आपली जागा कुणाच्या हद्दीत आहे?

पलसाणा तालुक्यात हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण शेजारशेजारच्या गावांना वेगवेगळे अधिकारी लागू होऊ शकतात.

१. सुडा, म्हणजे सुरत शहरी विकास प्राधिकरण. गुजरात नगररचना व शहरी विकास अधिनियम, १९७६ खाली हे १९७८ साली स्थापन झाले. ज्या गावांचा त्याच्या विकास योजनेत समावेश आहे, तिथे प्रत्येक सर्व्हे नंबरला झोन ठरलेला असतो : रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, शेती वगैरे. बांधकामाची परवानगी (इथल्या बोलीत ‘रजा चिठ्ठी’) प्राधिकरणाकडून घ्यावी लागते आणि २०१७ ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू होते.

२. नगरपालिका. कडोदऱ्यासारख्या ठिकाणी नगरपालिका आहे. तिथे आधी नगरपालिकेत चौकशी करावी.

३. ग्रामपंचायत. वरील दोन्हींच्या बाहेरच्या गावात, गामतळात (म्हणजे आपल्या गावठाणात) घर बांधणे, वाढवणे यासाठी गुजरात पंचायत अधिनियम, १९९३ खाली पंचायतीची आगाऊ परवानगी लागते.

सरपंचांनी तोंडी ‘बांधा’ म्हटले म्हणून परवानगी होत नाही. आणि गाव सुडाच्या हद्दीत असेल तर पंचायतीचा लेखी ठरावसुद्धा पुरेसा नाही. म्हणून सर्वात आधी सुडा कार्यालयातून आपल्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला घ्यावा. त्याला थोडे शुल्क आणि काही दिवस लागतात, पण पुढचे सगळे त्यावर ठरते.

शेतजमीन, गामतळ आणि बिनखेती

जागा गामतळात असेल तर शेतजमिनीचा प्रश्न येत नाही. बाहेर सर्व्हे नंबरात असेल तर संहितेच्या कलम ६५ खाली ‘बिनखेती’ परवानगी लागते (महाराष्ट्रात आपण अकृषिक किंवा एन.ए. म्हणतो). अर्ज आता ‘आयओआरए’ या सरकारी संकेतस्थळावर होतो आणि निर्णय कलेक्टर कार्यालयातून येतो. परवानगीशिवाय वापर बदलला तर कलम ६६ खाली दंड होऊ शकतो, कारवाई होऊ शकते.

इथे चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, बिनखेतीचा हेतू. हुकमात ‘रहेणांक’ म्हणजे रहिवास लिहिले असेल आणि आपण तिथे लॉज चालवत असू, तर हेतूत बदल करून घ्यावा लागतो. याला इथे ‘हेतुफेर’ म्हणतात. जागा बिनखेती आहे एवढे ऐकून थांबू नका, हुकूम मागून वाचा. बिनखेती जमिनीची नोंद गाव नमुना २ मध्येही पाहायला मिळते.

दुसरी, शरत. सात-बारावर ‘जुनी शरत’ आहे की ‘नवी शरत’ हे पाहा. नव्या शरतीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि प्रीमियम भरल्याशिवाय विकता येत नाही किंवा तिचा वापर बदलता येत नाही. प्रीमियम जंत्रीवर ठरतो. रस्त्यालगत जंत्री जास्त असल्याने हा खर्च आधी काढून घ्यावा.

तिसरी, आदिवासी खातेदाराची जमीन. सुरत जिल्ह्यात अशा जमिनी बऱ्याच आहेत. संहितेच्या कलम ७३ एए खाली कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय तिचे हस्तांतर होत नाही. साध्या स्टॅम्प पेपरवर भाड्याने घेतो, नंतर पाहू, असा व्यवहार करू नका. त्यात आपले पैसे तर जातातच, पण त्या कुटुंबाची जमीनही गोत्यात येते.

चौथी, शेतकरी असल्याचा पुरावा. गुजरात गणोत कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय खरेदी करता येत नाही. आपल्यापैकी अनेकांचे सात-बारे धुळे, जळगाव, नंदुरबारला आहेत. तिकडचा सात-बारा इकडे आपोआप चालेल असे गृहीत धरू नका. बयाणा देण्याआधी मामलतदार कार्यालयातून लेखी खात्री करून घ्या. बिनखेती झालेला प्लॉट घेणे हा बहुतेकांसाठी सोपा मार्ग आहे.

रस्त्यालगतची जागा

पलसाणा येथे राष्ट्रीय महामार्ग ४८ (जुना ८) आणि हजीरा-धुळे महामार्ग ५३ (जुना ६) एकत्र येतात. जुन्या खाणावळी रस्ता दुपदरी होता तेव्हाच्या, म्हणून त्या अगदी कडेला आहेत. रस्ता रुंद झाला आणि दुकान रस्त्याजवळ आले.

मोकळ्या ग्रामीण भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरवर बांधकाम रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरली जाते, असे भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक आहे. ४० मीटरच्या आत नवे बांधकाम करू देत नाहीत. ४० ते ७५ मीटर या पट्ट्यात रस्ते विभागाच्या संमतीने आणि अटींवर होते. वस्तीच्या भागात ही अंतरे वेगळी असू शकतात.

उदाहरणार्थ, समजा आपल्या खाणावळीची समोरची भिंत मध्यरेषेपासून २८ मीटरवर आहे आणि मागची भिंत ३८ मीटरवर. ही संपूर्ण इमारत बांधकाम रेषेच्या आत आहे. पुढे पत्र्याची शेड काढणे किंवा वर मजला चढवणे अवघड आहे. मागे प्लॉट शिल्लक असेल तर ४० मीटरच्या पलीकडे स्वतंत्र भाग बांधण्यासाठी अर्ज करता येतो. म्हणून नकाशा काढण्याआधी मोजणी करा आणि मोजणी रस्त्याच्या कडेपासून नव्हे, मध्यरेषेपासून करा.

दुसरी बाब प्रवेशाची. महामार्गावरून थेट गाड्या आत घेण्यासाठी राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (जमीन व वाहतूक) अधिनियम, २००२ खाली वेगळी परवानगी आहे. दुभाजक तोडून किंवा गटारीवर फरशी टाकून केलेली वाट कधीही बंद होऊ शकते. गावच्या रस्त्यावरून किंवा सर्व्हिस रोडवरून प्रवेश मिळत असेल तर तो पर्याय पाहावा.

जुन्या वास्तूला मिळणाऱ्या सवलती आणि अटी

आपल्याकडे खरोखर जुना वाडा, हवेली किंवा बंगला असेल तर दोन योजनांची माहिती असावी.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात ‘हेरिटेज हॉटेल’ म्हणून १९५० पूर्वी बांधलेल्या वाडे, हवेल्या, किल्ले, राजवाडे अशा वास्तूंचा विचार होतो. साध्या हेरिटेज वर्गासाठी किमान ५ खोल्या (१० खाटा) लागतात. वाढीव बांधकामाची अट स्पष्ट आहे : नवा भाग जुन्याच्या शैलीला आणि बांधणीला जुळणारा असावा, आणि वाढीनंतर नवे बांधकाम एकूण (जुने अधिक नवे) क्षेत्राच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. म्हणजे जुना वाडा ३०० चौरस मीटरचा असेल तर नवा भाग जास्तीत जास्त ३०० चौरस मीटरचा. पोहण्याचा तलाव, हिरवळ हे त्यात मोजत नाहीत.

गुजरात सरकारने २०२० साली हेरिटेज पर्यटन धोरण आणले. त्यात १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वास्तूंना हॉटेल, संग्रहालय, बँक्वेट हॉल किंवा उपाहारगृह म्हणून वापरण्यासाठी अनुदान ठेवले होते, मूळ ऐतिहासिक रूपाला धक्का न लावण्याच्या अटीवर. हे धोरण २०२० ते २०२५ या काळासाठी होते, म्हणून अर्जापूर्वी पर्यटन विभागाकडून चालू धोरणाची प्रत घ्यावी.

या सवलती म्हणजे झोनमधून सूट नव्हे. हेरिटेजचा दाखला मिळाला तरी बिनखेती, बांधकाम परवानगी आणि अग्निसुरक्षा वेगळीच. तसेच जवळ केंद्राचे संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत नवे बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या प्रक्रियेतून परवानगी लागते.

वाडा मोठा नसेल आणि घरचे लोक तिथेच राहत असतील तर होम-स्टे हा सोपा मार्ग आहे. केंद्राच्या योजनेत १ ते ६ खोल्या, म्हणजे कमाल १२ खाटा, अशी मर्यादा आहे. बांधकाम न वाढवता आहे त्या खोल्या वापरात आणायच्या असतील तर आधी याचा विचार करावा.

धर्मशाळा आणि समाजाच्या वास्तू

समाजाची धर्मशाळा, भवन किंवा मंदिराची ओवरी बहुधा सार्वजनिक न्यासाच्या नावावर असते. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही, आणि इमारत किंवा बिगरशेती जमीन ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही (शेतजमिनीसाठी ही मुदत १० वर्षे आहे). ‘ठेकेदार वर मजला बांधून देईल, बदल्यात दहा वर्षे लॉज चालवील’ हा प्रस्ताव अनेक विश्वस्तांपुढे येतो. दिसायला फुकट मजला मिळतो, पण मंजुरीशिवाय तो करार टिकत नाही आणि विश्वस्त अडचणीत येतात. असा विषय आधी सर्वसाधारण सभेत, मग आयुक्तांकडे आणि त्यानंतरच ठेकेदाराकडे न्यावा.

अग्निसुरक्षा : इथे तडजोड नको

२४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केडला आग लागली आणि २२ मुलांचे जीव गेले. शिकवणीचा वर्ग छतावर वाढवलेल्या बेकायदा मजल्यावर भरत होता. ‘वर नुसती शेडच तर आहे’ असे कुणी म्हणाले तर ही तारीख आठवावी.

खाणावळीच्या वर मुक्कामाच्या खोल्या काढणे म्हणजे गॅस, तेल आणि भट्टीच्या डोक्यावर माणसे झोपवणे. म्हणून दुसरा जिना, उघडणाऱ्या खिडक्या, सिलिंडरची बाहेर वेगळी जागा, आणि जिन्याखाली सामान न भरणे या गोष्टी नकाशातच असाव्यात. गुजरात अग्निप्रतिबंध व जीवसुरक्षा उपाय अधिनियम, २०१३ खाली इमारतीच्या उंची व वापरानुसार अग्निशमन दाखला घ्यावा लागतो आणि तो वेळेवर नूतन करावा लागतो. जुन्या लाकडी वाड्यात वायरिंग पूर्ण बदलूनच पाहुणे ठेवावेत.

गावाकडे, महाराष्ट्रात वाडा असेल तर

महाराष्ट्रात १९६६ च्या संहितेत २०१४ नंतर कलम ४२-अ ते ४२-ड अशी भर पडली. मंजूर विकास योजनेतील झोनप्रमाणे वापर करायचा असेल तर वेगळी अकृषिक परवानगी न घेता रूपांतर कर वगैरे भरून काम होते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला रहिवासासाठी सवलत आहे. ही सवलत रहिवासापुरती आहे, लॉजसाठी तिचा आधार धरू नये. बांधकामासाठी डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली राज्याच्या बहुतेक भागात लागू आहे. शेतावर मुक्काम-जेवणाची सोय करायची असेल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

थंड हवेच्या ठिकाणी नियम आणखी कडक आहेत. महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली आणि माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. तिथल्या जुन्या बंगल्याला किंवा हॉटेलला एक खोली जोडायची तरी जागेच्या योजनेसोबत या अधिसूचनेच्या अटीही पाहाव्या लागतात.

कामाचा क्रम

१. सात-बारा, आठ-अ, हक्कपत्रकातील फेरफार, बिनखेती हुकूम, मिळकत पत्रक आणि जुन्या परवानग्या एका फाइलीत लावा. वारसांची नावे चढलेली नसतील तर आधी ती चढवा. भावाभावांची संमती लेखी घ्या.

२. झोन दाखला आणि महामार्गाच्या मध्यरेषेपासून मोजणी.

३. नोंदणीकृत अभियंता किंवा वास्तुरचनाकाराकडून जुन्या इमारतीचा आहे तसा नकाशा. त्यात आधीचे विनापरवाना भाग लपवू नका.

४. हेतुफेर किंवा बिनखेती, मग बांधकाम परवानगी, मग काम.

५. काम पूर्ण झाल्यावर वापर परवानगी, ज्याला इथे ‘बी.यू.’ म्हणतात. बी.यू. नसेल तर बँक कर्ज, विमा आणि अग्निशमन दाखला अडतो.

६. त्यानंतर अन्नसुरक्षा परवान्यात बदल, दुकान नोंदणी, दक्षिण गुजरात वीज कंपनीकडे वाणिज्य भार, आणि सांडपाणी व खोल्यांच्या संख्येनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती.

आधीच विनापरवाना बांधकाम झाले असेल तर एजंटाच्या भरवशावर राहू नका. गुजरातने २०२२ साली अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा कायदा केला, पण तो १ ऑक्टोबर २०२२ पूर्वीच्या बांधकामांपुरता होता. ‘आत्ता बांधा, पुढे इम्पॅक्ट फी भरून होईल’ हा सल्ला धोक्याचा आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. सर्व नियम पाहिल्यावर काही वेळा उत्तर ‘वाढवता येणार नाही’ असेच येते. तेव्हा मूळ जागा तशीच नीट चालवणे आणि वाढीव धंद्यासाठी बिनखेती वाणिज्य प्लॉट वेगळा घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. चाळीस वर्षांची गिऱ्हाइके चवीसाठी येतात, वरच्या चार खोल्यांसाठी नव्हे.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. दर, शुल्क आणि हद्दी बदलत असतात, म्हणून प्रत्यक्ष अर्जापूर्वी संबंधित कार्यालय आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. ज्या सभासदांनी ही प्रक्रिया पूर्ण केली आहे त्यांनी आपल्या अर्जांचे नमुने मंडळाकडे द्यावेत, म्हणजे पुढच्या कुटुंबाला उपयोग होईल. गुजराती अर्ज वाचण्यात किंवा भरण्यात अडचण असलेल्या ज्येष्ठ सभासदांना आम्ही मदत करू. कागद घेऊन मंडळाच्या मासिक बैठकीला या.